भगताची गोळी

संचिता: कोंबडीला, ताई. सरळ कोंबडीला! मी म्हणतेय, ही लाल कोंबडी आठ दिवस एका पायावर उभी राहून पेंगते का? तर आमचे हे सासरे दुपारची गोळी भाकरीच्या तुकड्यात दडवून तिला टाकतायत.

पोपट: पेंगत नाय ती. ध्यान करते.

संचिता: ऐका!

पोपट: खरं तेच सांगतंय. आधी ही कोंबडी आख्ख्या गावाशी भांडायची. शेजारच्या कुंडलिकच्या कुत्र्याला तिनं मिठागरापर्यंत पलवलाय, एकदा नाय, दोनदा. आता तोच कुत्रा येतो, तिच्या बाजूला बसतो, आनि दोघं खाडीकडं बघत ऱ्हातात. काल अंडं दिलं तिनं. मी हात लावला तर अंडं पन झोपलेलं.

रचना: अंडं झोपलंय हे कसं कळलं?

पोपट: घोरत होतं.

रचना: काका, कोंबडीला बरं वाटतंय ते चांगलंच आहे. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नाव तुमचं आहे, तिचं नाही.

पोपट: काका कोन? मना सगला कोपर गाव भगत म्हनतो. तुमच्या संस्थेचा तो मितेस यायचा, तो पन भगतच म्हनायचा.

रचना: मितेश आता कल्याणची घरं बघतो. कोपर माझ्याकडे आलंय. माझं नाव रचना. महिन्यातून दोनदा येईन. गोळ्या बघायच्या, झोप-जेवण विचारायचं, घरच्यांना काही बोलायचं असेल तर ऐकायचं. एवढंच काम. आणि मी काकाच म्हणेन.

संचिता: मला लय बोलायचंय, ताई. जानेवारीचं तुमच्या फाईलमध्ये असेल ना?

रचना: आहे. पण तुम्ही सांगा.

संचिता: सासूबाई गेल्या चार वर्षांपूर्वी. तेव्हापासून हे असेच. जेवले तर जेवले, नाहीतर भिंतीकडे तोंड. जानेवारीत तर तीन दिवस पाण्याचा घोट नाही. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर घरात नाहीत. माझा नवरा साईनाथ फर्स्ट शिफ्टला कंपनीत गेलेला, मी एकटी. खाडीत सापडले. छातीएवढ्या पाण्यात, कपड्यांनिशी उभे! कोळंबीवाल्यांनी ओढून बाहेर काढलं. विचारलं, बाबा, कशाला गेलेलात? तर म्हणतात, आईला बघायला.

पोपट: उभा नव्हतू. थांबलेलू. फरक हाय त्यात.

संचिता: बघितलंत? मग ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या लागल्या, आणि माणूस परत आला. एक दिवस कालवणाला चव नाही म्हणून माझ्याशी भांडले. मी आत जाऊन रडले, एवढं बरं वाटलं. आणि आता अकरा दिवसांवर जत्रा आली, तर गोळी बंद! का? तर म्हणे गोळीमुळे देवी अंगात येत नाही.

पोपट: गोलीनं दार बंद होतं. बंद घरात आई येनार कुठून?

रचना: आई म्हणजे गावदेवी?

संचिता: हां. जत्रेला पालखी ह्या ओट्यापुढे थांबते. बाबा घुमायला लागतात, देवी अंगात येते, आणि मग गाव प्रश्न विचारतं. पोरीचं लग्न, जमिनीची केस, कुणाला मूल होत नाही, सगळं. पन्नास वर्षं चाललंय. पण ताई, आता खरं ते बोलते, राग आला तर येऊ दे. गेल्या चार जत्रांना देवी आलेलीच नाही. हे खोटं घुमले.

पोपट: संचिता!

संचिता: मला कळतं, बाबा. आधी खरी देवी यायची तेव्हा तुमचा चष्मा असा उडून पडायचा, कुणाच्या तरी मांडीवर सापडायचा. मागची चार वर्षं तुम्ही चष्मा काढलात, घडी घातलीत, कोनाड्यात ठेवलात आणि मग घुमलात. देवीला कुठे ठाऊक असतं चष्मा किती महाग झालाय ते!

रचना: चष्मा आधी काढून ठेवतात?

संचिता: घडी घालून, ताई.

रचना: बरं. काका, मला एक सांगा. गोळ्या सुरू झाल्या फेब्रुवारीत. देवी कधीपासून येत नाही?

पोपट: झाले काय दिवस.

संचिता: चार वर्षं. सासूबाई गेल्यापासून.

रचना: म्हणजे गोळीच्या आधीपासून दार बंदच होतं.

पोपट: मितेस असा हिसाब नाय करायचा. तो बिचारा गोष्ट ऐकायचा.

रचना: मीही ऐकते. सांगा.

पोपट: सव्वीस जुलैच्या पुराची सांगतंय. खाडी चढली. सगली गावातली मानसं पत्र्यावर. मी एकटा हितं, ह्या पायरीवर. खाडीला बोललू, बाय, तीन पायऱ्या तुझ्या, चौथी माझी. पानी थांबलं. असं थांबलं, जशी म्हैस थांबते. कुंडलिकचं घर बुडालं, कारन त्याची चौथी पायरीच नव्हती, तीनच बांधल्या चिंगूसानं. आनि पान्यातून वाहत काय आलं सांग? फ्रीज. डोंबिवलीचा. दार उघडं, आत मांजर बसलेली, सिरीखंड खात.

संचिता: बाबा, ताईंना काम असतं.

पोपट: मी बोललू, ये घरात. तर मांजर बोलली, "जरा बाजूला व्हा, आम्हांला दिवा स्टेशनला जायचं आहे."

संचिता: मांजर बोलली?

पोपट: डोंबिवलीची होती. सुद्द बोलली.

रचना: तेव्हा मांजर नव्हती. बकरी होती.

पोपट: कवा?

रचना: तुम्ही मागच्या वेळी ही गोष्ट सांगितलीत तेव्हा. फ्रीजमध्ये बकरी होती आणि ती कोबी खात होती. ती बोलली नव्हती, फक्त तुमच्याकडे रागाने बघून पुढे गेली.

पोपट: बकरीची मी लय वर्सांपूर्वी सांगायचू. तू कवा ऐकलीस?

रचना: पुरानंतरच्या वर्षी. हा ओटा तेव्हा शेणाने सारवलेला होता, ही लादी नव्हती. मी एकोणीस वर्षांची. डोंबिवलीहून आईने आणलेलं मला. आईला हसवायला म्हणून तुम्ही बकरीची गोष्ट सांगितलीत. ती हसली पण. आईचं नाव मंजुळा.

संचिता: म्हणजे? ताई, तुम्ही बाबांकडे आलेलात? पेशंट म्हणून?

रचना: पेशंटच होते. मला आवाज ऐकू यायचे. संचिता, आत्ताच सांगून टाकते. तुम्हाला नको वाटलं तर मी हे घर दुसऱ्या कुणाकडे देते, संस्थेत तसं चालतं. काका, तुम्हीही सांगा.

संचिता: बाबांनी काय केलं तुमचं?

पोपट: संचिता, चहा टाक.

संचिता: चहा टाकते. पण कान इकडेच आहेत माझे.

(संचिता आत जाते. पोपट चष्मा काढतो, धोतराच्या सोग्याने पुसत राहतो. काच केव्हाच स्वच्छ झालेली असते.)

पोपट: तू मुद्दाम आलीस?

रचना: यादीत नाव होतं. वय शहात्तर, कोपर गाव, खाडीजवळ. मी नकार देऊ शकले असते.

पोपट: मंग नकार का नाय दिलास?

रचना: बघायचं होतं तुम्हाला. त्या दिवशी तुम्ही एवढे मोठे दिसत होतात. दार भरून गेलं होतं. आज आले तर हे एवढेसे, आणि कोंबडीवरून भांडण चाललेलं.

पोपट: तुझ्या आयसचं कुंकू आठवतंय मना.

रचना: काय आठवतंय?

पोपट: वाकडं लागलेलं. सवय नसलेल्या हातानं लावलेलं. मी तिथंच वलखलं, ही बाई तुमच्यातली हाय, बौद्धवाड्यातली. लपून आलेली.

रचना: घरून निघताना कपाळ मोकळं होतं. कोपर स्टेशनला उतरल्यावर पर्समधून पुडी काढून, पानाच्या टपरीच्या आरशात बघून लावलं तिने. परत जाताना नळावर पुसलं. घासून घासून, लाल झालं कपाळ. मी बघत होते. मला वाटलं, आवाज मला ऐकू येतात आणि वेड्यासारखी वागतेय ही.

पोपट: बाबूसला म्हाईत नव्हतं.

रचना: बाबांना कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. आमच्याकडे भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, तिसरी तसबीर नाही. बाबांनीच मला ठाण्याला दाखवलेलं, गोळ्या त्यांनीच चालू केल्या. पण गोळ्यांनी मी दिवसभर झोपायचे. तोंडातून लाळ गळायची. आई म्हणायची, पोरगी दगड झाली. ती घाबरली होती, काका. तिला कुणीतरी सांगायला हवं होतं, थांब जरा, गोळीचा डोस बसायला वेळ लागतो.

पोपट: हाव.

रचना: तुम्ही त्या दिवशी चष्मा काढलात, घडी घातलीत, आणि त्या समोरच्या कोनाड्यात ठेवलात. मग घुमलात. एकोणीस वर्षं मला तो चष्मा आठवतोय. का आठवतोय ते कळत नव्हतं. आत्ता संचिता बोलली तेव्हा कळलं.

पोपट: नव्हती आलेली.

रचना: देवी?

पोपट: आई नव्हती आली त्या दिवशी. मीच बोललू. रखमाबाय, माझी बायकू, तिला पन कवा सांगितलं नाय. आज पयल्यांदा तोंडातून निघतंय.

रचना: का बोललात?

पोपट: मना माज आला, पोरी. मनात बोललू, यांच्या बापजाद्यांनी देव पान्यात सोडले, आनि यांचीच बाई कुंकू लावून माझ्या दारात बसलीय. गाव बघत होता. आनंदा पाटील बघत होता, जो मना येडा म्हनायचा. मी वाट बघितली, आई येईल, काय ते ती सांगेल. नाय आली. तुझी आयस हात जोडून बसलेली. लोकं कुजबुजायला लागली. मंग मी चष्मा काढला.

रचना: आणि म्हणालात...

पोपट: नको.

रचना: मी म्हणते. शब्द न् शब्द पाठ आहे. "ही पोरगी आजारी नाय. हिच्यात माझी धाकटी बहीन हाय. गोली द्याल तर ती रागावून निघून जाईल, आनि जाताना हिला घेऊन जाईल."

पोपट: मंग? पुढं काय झालं?

रचना: आईने सात महिने माझ्या गोळ्या मोरीत टाकल्या. रोज. मी देवीची धाकटी बहीण म्हणून सगळे आवाज ऐकत बसले. वाईट होते ते. सातव्या महिन्यात मी ठाण्यात माजिवड्याच्या पुलाखाली सापडले, अनवाणी. डोंबिवलीहून तिथपर्यंत कशी गेले, अजून ठाऊक नाही. कॉलेज गेलं. पुढची तीन वर्षं मला तुकड्यातुकड्यांत आठवतात. बाबांना सगळं कळलं, तेव्हा त्यांनी आईशी बोलणं टाकलं. चार वर्षं. तिच्या हातचं जेवायचे, पण पाणी माझ्याकडे मागायचे.

पोपट: आयस हाय?

रचना: दोन वर्षांपूर्वी गेली.

पोपट: मना कललं नाय.

रचना: तुम्हाला कोण कळवणार? माझी गोळी शेवटपर्यंत तीच द्यायची. मी नोकरीला लागले, पस्तीस ओलांडली, तरी ही तांब्या घेऊन समोर उभी. मी गिळेपर्यंत हलायची नाही. त्या दिवसाचं कधी बोलली नाही. मीही काढलं नाही.

पोपट: तिला माफ केलंस?

रचना: वाटायचं, बोलू कधीतरी. एकाच घरात तर आहोत.

पोपट: मंग मना कर.

रचना: काय?

पोपट: माफ. मी हात जोडतंय. ह्या हातांना कोपरमधली लोकं नमस्कार करतात, ते हात जोडतंय. माझी आई त्या खोट्यावरच रुसलीय. त्यानंतर आली कवातरी, पन अशी, जसा पावना दारातूनच बोलतो आनि जातो. रखमा गेली आनि मंग तेही नाय. मी तिला विचारायला खाडीत गेलू, रखमा कुठं हाय सांग. तिथंही नाय आली. तू माफ कर, ती येईल.

रचना: काका, माझे आजोबा छप्पन साली देव सोडून आले. मी विहारात जाते, तेही रविवारी आळस नाही आला तर. आणि तुम्ही मला सांगताय, तुमची देवी माझ्यापाशी अडलीय?

पोपट: अडलीय.

रचना: म्हणजे मी तिच्या दाराची कडी.

पोपट: हाव.

रचना: दुसरं कुणी नाही मिळालं तिला?

पोपट: तुझं नाव मी तिच्या नात्यात घातलं ना. तिची बहीन केली, तिला न विचारता. आता तुझं तिनं ऐकायला नको?

रचना: तुमच्याशी बोलण्यात कुणाला जिंकता येत नाही. पण ऐका. मला नाही माफ करता येत. आज तरी नाही. तोंडाने म्हणता येईल, तुम्हाला बरं वाटेल, जत्रा पार पडेल. पण मग मलाही आधी चष्मा काढून कोनाड्यात ठेवावा लागेल.

पोपट: लागलं, पोरी.

रचना: लागू दे. आणि गोळीचा ह्याच्याशी संबंध लावू नका. मी माफ केलं तरी गोळी, नाही केलं तरी गोळी. गोळी तुमच्यासाठी आहे. ती आत स्वयंपाकघरात कान लावून उभी आहे ना, तिच्यासाठी आहे. पुन्हा भरतीच्या वेळी धावायचं तिने?

संचिता: (आतून) मी कान नाही लावलेला! साखर शोधतेय!

पोपट: शनवारी माजिवड्याला आवाज ऐकनारी मानसं बसतात ना? मितेस बोलायचा, गट हाय.

रचना: आहे. आमच्यासारख्यांचाच. मुंब्र्याच्या शमीमआपा येतात, त्यांच्याशी एक पीरबाबा बोलायचे. वसईकडचे एक ख्रिस्ती मास्तर आहेत, त्यांच्याशी मारियामाता. उल्हासनगरचे सिंधी काका, त्यांचा गेलेला भाऊ रेडिओतून बोलायचा.

पोपट: मारियामाता कंच्या भाषेत बोलायची?

रचना: मास्तरांच्याच, वसईच्या बोलीत.

पोपट: काय सांगायची?

रचना: नारळ उतरव म्हणायची. झाडावरचा. पहाटे चार वाजता. मास्तर एकसष्ट वर्षांचे.

पोपट: देवानं नारलाचं काम मास्तरला सांगू नये. उल्हासनगरच्या भावानं तरी काय सांगितलं?

रचना: आवाज वाढव म्हणायचा. रेडिओचा. हसू नका, ते सांगतात तेव्हा आम्ही सगळे हसतो, मग गप्प बसतो. शमीमआपांचा नमाज चालूच आहे, मास्तर चर्चला जातात, मी बुद्धवंदना म्हणते. श्रद्धा कुणी काढून घेतली नाही आमची. आवाज गेले फक्त. तिथे कुणी कुणाला खोटं म्हणत नाही, गोळी घेतली का एवढं विचारतात. पण एक गोष्ट कुणी विचारत नाही.

पोपट: कंची?

रचना: त्या आवाजांची आठवण येते का.

पोपट: तुला येते?

रचना: वाईट गेले, सुटले मी. त्यांची नाही येत. पण त्यांच्यात एक होती. बाईचा आवाज. ती वाईट नव्हती.

पोपट: कोन होती?

रचना: कुणी नाही. माझंच डोकं होतं, डॉक्टरांनी नीट समजावलंय, मला पटलंय.

पोपट: तरी?

रचना: तरी.

पोपट: मंग तुला सांगतंय. दुसऱ्या कुनाला कलनार नाय. आई यायची ना, आधी तलवे गार व्हायचे, भरती उतरल्यावर ओल्या चिखलात उभं ऱ्हाल्यासारखे. मंग पाठीवर कोनतरी हात ठेवायचा, असा, मधोमध. आनि पोपट नसायचा. उधार मागनारा, बायकूला कावनारा, बाता मारनारा पोपट, कुठंच नसायचा. रखमा सांगायची नंतर, काय काय बोललू ते. मी तिलाच विचारायचू, खरं बोललू का गं? ती म्हनायची, आज खरं बोललात. आता चार वर्सं झाली, सकाली उठतू तो पोपट. झोपतू तो पोपट. कंटाला आला ह्या पोपटाचा.

रचना: हे डॉक्टरांना सांगितलंत?

पोपट: त्यांना बकरीची सांगितली.

रचना: पुढच्या वेळी हे सांगा. बकरी राहू दे.

पोपट: जत्रेला काय करू? पालखी थांबनार. लोकं बघनार. ह्या येली मना खोटं नाय घुमायचं.

रचना: मग सांगा त्यांना. आली नाही म्हणा.

पोपट: भगतानं असं सांगायचं नसतं.

रचना: का? सांगितलं तर काय होईल?

पोपट: काय होनार? आनंदा पाटील हसेल. बायका रडतील. पालखी थोडा वेल थांबेल, मंग...

रचना: मग?

पोपट: मंग पुढं जाईल. काय करेल दुसरं?

रचना: तेवढंच होईल.

पोपट: आनि कवाच नाय आली तर? मरेपर्यंत?

रचना: तर नाही येणार. राहायचं तसंच. मी राहते.

संचिता: चहा घ्या. साखर जरा कमी पडलीय, लक्ष नव्हतं माझं.

रचना: डोळे का लाल झाले?

संचिता: धूर लागला.

पोपट: गॅसला धूर कुठला गं? मी थापा मारतंय साठ वर्सं, तुला एक नीट मारता येत नाय.

संचिता: बाबा, एक विचारू? ताईंचं तुम्ही एवढं केलंत... आणि कधी मनात नाही आलं, डोंबिवलीला जाऊन बघावं?

पोपट: एकदा गेलू. दोन वर्सांनी. स्टेशनला उतरलू. घर म्हाईत नव्हतं, नुसतं नाव म्हाईत. कुनाला विचारू, मंजुलाबाईचं घर कुठं? विचारतील, तू कोन. दुपारपर्यंत बाकड्यावर बसलू. वडापाव खाल्ला. परत आलू.

रचना: कुठल्या बाजूला उतरलेलात?

पोपट: पूर्वेला.

रचना: आम्ही पश्चिमेला राहायचो.

पोपट: बघ. तिथंही चुकलू.

रचना: ही आज थाप नाही ना?

पोपट: थाप असती तर मी तुझ्या दारापर्यंत पोचलू असतू, पोरी. थापेत मी नेहमी पोचतू.

संचिता: ताई, तुम्ही पुढच्या वेळी याल ना? की दुसरं कुणी?

रचना: काका सांगतील.

पोपट: तूच ये. हिसाब करनारी असली तरी चालेल.

रचना: मग गोळी आणा, संचिता. आत्ताची राहिलीय. अशी नाही, पाकीट इथे आणा, माझ्यासमोर काढा. काका, कोंबडीकडे बघायचं नाही.

पोपट: नाय बघत.

रचना: पाणी. हां. आता तोंड उघडा. जीभ वर करा. ... गालात काय आहे?

पोपट: दाढ.

रचना: डाव्या गालात.

पोपट: तुला पोलिसात घ्यायला पायजे होतं.

रचना: मीही सुरुवातीला दडवायचे, सगळ्या जागा माहीत आहेत. आणखी एक घोट. हां, आता गेली.

पोपट: कडू हाय.

रचना: हो. कडूच असते.

संचिता: ताई, जत्रेला या ना. म्हणजे... तुम्हाला चालत असेल तर.

रचना: देवळात नाही येणार. पाया पडायला सांगू नका. पण पालखी दुपारी येते ना? दुपारच्या गोळीची वेळ असते ती. इथे ओट्यावर बसेन, काकांच्या बाजूला.

पोपट: लोकं विचारतील, ही कोन?

रचना: काय सांगाल?

पोपट: खरं सांगू?

रचना: तुम्हाला जमेल तेवढं.

पोपट: सांगेन, डोंबिवलीची हाय. मंजुलाबाईची पोरगी. मी हिचं वाईट केलं, आनि ही माझ्या गोल्या बघायला येते. कुनाचा इस्वास बसनार नाय. आजपर्यंत मी सांगितलेल्यातली सगल्यात मोठी थाप वाटेल लोकांना.

रचना: वाटू दे. निघते मी, अजून दोन घरं आहेत. संचिता, पाकीट तुमच्याजवळच ठेवा.

पोपट: पोरी, थांब. ती तुझी बाई... चांगली होती ती. काय बोलायची?

रचना: विशेष काही नाही. नावाने हाक मारायची फक्त. रचना, अशी. संध्याकाळी घरातून मारतात तशी, जेवण वाढलंय म्हणून.

पोपट: आनि तू ओ द्यायचीस?

रचना: नाही. भीती वाटायची ना तेव्हा. आता वाटतं, एकदा तरी द्यायला हवी होती.